'तारे जमीन पर': बक्षीस विसरा, नोटीस बोर्ड बघा

शिक्षक प्रशिक्षण असो, पालकसभा असो की बालदिन, 'मुलांना समजून घ्या' असं सांगायची वेळ आली की आजही 'तारे जमीन पर' लावला जातो. २१ डिसेंबर २००७ ला प्रदर्शित झालेला हा सिनेमा. प्रोजेक्टर सुरू होतो, रुमाल निघतात, शेवटी टाळ्या पडतात. सोमवारी तिसरीच्या वर्गातल्या एखाद्या वहीवर लाल शाईत पुन्हा तोच शेरा उमटतो: 'लक्ष देत नाही. अक्षर सुधारा.' यात सिनेमाचा दोष थोडा आहे, तो पाहायच्या पद्धतीचा जास्त. लोकांना आठवते ती शेवटची चित्रकला स्पर्धा. सिनेमाचं खरं मोल मात्र त्याच्या थोडं आधी, एका नोटीस बोर्डापाशी आहे.

कथा बहुतेकांना माहीत आहे. आठ वर्षांचा ईशान अवस्थी तिसरीत दुसऱ्यांदा बसलाय. वाचता येत नाही, लिहिताना अक्षरं उलटी पडतात, चित्रं मात्र झकास काढतो. थोरला भाऊ योहान पहिल्या नंबरचा. पुन्हा नापास व्हायची चिन्हं दिसताच वडील त्याला बोर्डिंगला टाकतात. तिथे मूल पार घुमं होतं. मग राम शंकर निकुंभ नावाचे हंगामी चित्रकला शिक्षक येतात, दुखणं डिस्लेक्सियाचं, म्हणजे वाचन-लेखनातल्या अडचणीचं, आहे हे ओळखतात आणि कामाला लागतात. दिग्दर्शन आमिर खानचं, लेखन अमोल गुप्ते यांचं. मूळ कल्पना आणि संकलन दीपा भाटिया यांचं. बोर्डिंगचं चित्रीकरण पाचगणीच्या न्यू एरा हायस्कुलात झालं. 'निकुंभ' हे आपल्याकडचं आडनाव पडद्यावर ऐकून मराठी प्रेक्षक जरा सावरून बसतो, ते वेगळंच.

पूर्वार्ध हा या सिनेमाचा कणा. मूल कसं मिटत जातं त्याच्या पायऱ्या इतक्या नीट मांडल्यात की केस स्टडी म्हणून शिकवाव्यात. सुरुवातीला गुण मोठ्यानं वाचले जाताहेत आणि ईशान गटारातले मासे पकडण्यात दंग आहे. म्हणजे अपयश आहे, पण मूल अजून जिवंत आहे, बाहेरच्या जगात रमतंय. पेपर मिळाला की तो कुत्र्यांपुढे टाकतो. ही लपवाछपवीची पहिली पायरी. वर्गात वाचायला उभं केल्यावर तो सांगतो की अक्षरं नाचताहेत. हे त्याचं प्रामाणिक वर्णन असतं, पण उद्धटपणा समजून त्याला वर्गाबाहेर काढलं जातं. खरं सांगून शिक्षा मिळते हे एकदा कळलं की मूल खरं सांगणं सोडतं. पुढे शाळा बुडवून दिवसभर मुंबई पालथी घालणं, भावाकडून रजेची चिठ्ठी लिहून घेणं, हे सगळं त्याच ओघात येतं. पालकांना दिसतो तो फक्त खोटेपणा.

गणिताच्या पेपरातला तीन गुणिले नऊचा प्रसंग तर सोन्यासारखा. ईशान मनातल्या मनात अंतराळयान घेऊन निघतो. तिसरा ग्रह पृथ्वी, नववा प्लूटो. दोघांची टक्कर होते, प्लूटोचा चुरा होतो, पृथ्वी उरते. उत्तर: तीन. पहिलंच गणित, त्यातच वेळ संपते. (२००६ च्या ऑगस्टमध्येच प्लूटोचं ग्रहपद गेलं होतं. पण क्रमिक पुस्तकं कुठे इतकी चटकन बदलतात!) चिन्हाचा अर्थ चुकला, पण त्यामागे तर्काची अखंड साखळी आहे, हे या प्रसंगात डोळ्यांना दिसतं. उत्तरपत्रिका तपासताना नुसती फुली मारण्याऐवजी 'हे कसं काढलंस?' एवढंच विचारलं तर काय हाती लागू शकतं, त्याचा याहून चांगला धडा शोधून सापडणार नाही.

बोर्डिंगमध्ये गेल्यावर पायऱ्या उतरण्याचा वेग वाढतो. हिंदीच्या तासाला ईशान कवितेचा अर्थ स्वतःच्या शब्दांत अगदी बरोबर सांगतो, पण सरांना पाठ केलेला अर्थ हवा असतो. म्हणजे आता वाचनच नव्हे, समज असणंही कामाचं नाही. त्यानंतर ईशान बोलणं जवळजवळ थांबवतो. आणि मग येतो खरा धोक्याचा क्षण, ज्याला पार्श्वसंगीत नाही, अश्रू नाहीत: निकुंभ सरांच्या पहिल्याच तासाला सगळा वर्ग रंगात बुडालाय आणि ईशानच्या पुढचा कागद कोरा आहे. जे मूल घरी भिंतीपासून वहीच्या कोपऱ्यापर्यंत चित्रं काढायचं, त्यानं चित्र सोडलं. वाचायला नकार देणारं मूल अडचणीत असतं. स्वतःला आवडणारी गोष्ट सोडून देणारं मूल संकटात असतं. शिक्षकांनी आणि पालकांनी या सिनेमातून एकच खूण लक्षात ठेवायची झाली तर ती कोऱ्या कागदाची ठेवावी.

आता निकुंभ सरांचा क्रम बघा. मध्यंतराच्या सुमारास ते विदूषकाच्या वेषात नाचत येतात आणि बहुतेक जण 'असा शिक्षक हवा' म्हणून तेवढंच घेऊन जातात. नाचण्यानं ईशानला काडीचाही फरक पडत नाही, हे सिनेमानं स्वच्छ दाखवलंय. फरक पडतो तो नंतरच्या कंटाळवाण्या कामानं. ते आधी वह्या चाळतात. एकच शब्द एकाच पानावर वेगवेगळ्या तऱ्हांनी लिहिलाय, सारखी दिसणारी अक्षरं अदलाबदल झालीत, काही आरशातल्यासारखी उलटी आहेत, अशा चुकांमधला सारखेपणा शोधतात. मग थेट मुंबईला घरी जातात. तिथे ईशानची जुनी चित्रं दिसतात आणि वहीच्या पानांवर काढलेलं ते चलचित्रही दिसतं, ज्यात घरची माणसं हळूहळू त्याच्यापासून दूर जातात. शर्टाची बटणं लावणं, बुटाची नाडी बांधणं, चेंडू झेलणं याचीही चौकशी होते. वडील 'आळशी आहे, करायचंच नसतं त्याला' म्हणतात तेव्हा सर त्यांच्या हातात परक्या लिपीतला मजकूर असलेली खोकी देऊन वाचायला सांगतात. वाचता येत नाही म्हटल्यावर वडिलांचेच शब्द त्यांना परत मिळतात. पालकसभेत हा प्रयोग दोन मिनिटांत करता येतो. कन्नड किंवा बंगाली वर्तमानपत्राचं एक पान पुरतं. फक्त ते हातात देऊन 'मोठ्यानं वाचा, चटकन' असं म्हणायला विसरू नका.

त्यानंतरचा क्रम फार महत्त्वाचा आहे. सर वर्गासमोर या अडचणीबद्दल बोलतात, पण ईशानचं नाव घेत नाहीत. मुलं बाहेर गेल्यावर एकट्या ईशानला थांबवून सांगतात की यादीतलं एक नाव राहिलं, ते माझंच. म्हणजे अडचणीला नाव चारचौघांत, मुलाला आधार खासगीत. आपल्याकडे बरोबर उलटं होतं: मुलाचं नाव अख्ख्या वर्गासमोर आणि अडचणीचं नाव कुणालाच माहीत नाही. मग तळ्याकाठी, हाताला येईल त्यातून काहीतरी बनवायचं, असं काम. त्यात एकही अक्षर नाही. ईशान आपोआप चालणारी होडी बनवतो आणि पहिल्यांदा टाळ्या मिळतात. लिपीचा तास याच्या नंतर सुरू होतो. आत्मविश्वास अभ्यास सुधारल्यावर येईल, अशी आपली सर्वसाधारण समजूत. इथे तो आधी, अक्षराविना कमावला जातो आणि त्या भांडवलावर अक्षरं येतात.

अक्षरं शिकवण्याचा भाग मात्र सिनेमानं काही मिनिटांत उरकलाय, आणि नेमकी तिथे पालकांची फसगत होते. वाळूत बोटानं गिरवणं, मातीची अक्षरं करणं, कुंचल्यानं मोठी अक्षरं रंगवणं, मोठ्या चौकटींतून हळूहळू लहान चौकटींत येणं, ध्वनिफितीवर धडा ऐकणं, जिन्याच्या पायऱ्यांवर चढत बेरीज आणि उतरत वजाबाकी. पद्धती सगळ्या खऱ्या आहेत. डोळा, कान आणि स्पर्श एकाच वेळी कामाला लावायचे, ही १९३० च्या दशकात अमेरिकेत ऑर्टन आणि गिलिंगहॅम यांनी घडवलेल्या पद्धतीची दिशा. आपल्या आजोबा-पणजोबांची धूळपाटी तरी काय वेगळी होती? धुळाक्षरं गिरवताना तोंडानं उच्चार आणि बोटानं वळण, दोन्ही एकदम चालायचं.

घरी करायचं तर परातीत अर्धा इंच रवा किंवा बारीक वाळू पसरावी. अक्षर वीतभर मोठं, गिरवतानाच मोठ्यानं उच्चार. रोज पंधरा-वीस मिनिटं, पण रोज. रविवारी दोन तास बसवून भरपाई होत नाही, उलट रविवारचाही धसका बसतो. बिघडतं ते बहुधा तीन ठिकाणी. उच्चार न करता नुसतं गिरवून घेतलं जातं, मग ती चित्रकला होते, वाचन नाही. सारखी दिसणारी दोन अक्षरं एकाच दिवशी शिकवली जातात, मग गोंधळ पक्का होतो. 'घ' पक्का झाल्याशिवाय 'ध' काढूच नये. आणि जरा सुधारणा दिसताच चौकटी एकदम बंद करून थेट एकरेघी वही हातात दिली जाते. आधी मोठी चौकट, मग छोटी, मग चाररेघी, मग दुरेघी असं उतरावं. सिनेमात ईशान एका सत्रात वाचायला लागतो. प्रत्यक्षात प्रशिक्षित विशेष शिक्षकाबरोबर आठवड्याला दोन-तीन बैठका धरल्या तरी हिशेब वर्षांचा असतो. डिस्लेक्सिया 'बरा' होत नाही, त्याला वळसा घालून जायला मूल शिकतं.

निदानाची बाजू सिनेमाची सर्वांत कच्ची. चित्रकलेचे सर वह्या पाहतात आणि ठरवतात. स्वतःला तोच त्रास होता म्हणून कथेत ते पटतं, पण कोणतीही रीतसर तपासणी दिसत नाही. खरा क्रम असा: आधी डोळे आणि कान तपासायचे, कारण कमी ऐकू येणारं मूलही शुद्धलेखनात अशाच चुका करतं. मग बालरोगतज्ज्ञ. मानसशास्त्रज्ञाकडून बुद्धिमापन. विशेष शिक्षकाकडून वाचन, लेखन, गणिताची इयत्तेनुसार चाचणी. बुद्धी पुरेशी असून ही कौशल्यं इयत्तेच्या बरीच मागे आहेत असं दिसलं, तर अध्ययन अक्षमतेचं निदान होतं, आणि तेही साधारण आठव्या वर्षानंतर. अक्षरं उलटी काढणं हा सिनेमातला सर्वांत लक्षात राहणारा पुरावा, पण पहिली-दुसरीपर्यंत पुष्कळ मुलं अक्षरं उलटी काढतात आणि आपोआप सुधारतात. डिस्लेक्सियाची मूळ अडचण दृष्टीची नाही, ध्वनी आणि अक्षर यांची सांगड घालण्याची आहे. त्यामुळे 'नाचणारी अक्षरं' ही प्रतिमा म्हणून उत्तम, लक्षण म्हणून अपुरी.

मराठी माध्यमाच्या शिक्षकांची आणखी एक पंचाईत. सिनेमातल्या सगळ्या चुका इंग्रजी लिपीतल्या. आपल्या वह्यांत त्या वेगळ्या रूपात येतात, म्हणून ओळखू येत नाहीत. देवनागरीत पाहायचं ते असं: 'घ' आणि 'ध', 'भ' आणि 'म', 'ब' आणि 'व', 'प' आणि 'ष' यांची सततची अदलाबदल. 'ख' चा 'रव' होणं. पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी लिहायची पण उच्चार नंतर करायचा, यात हमखास घसरण. रफार भलत्याच अक्षरावर जाणं, म्हणजे 'कर्म' आणि 'क्रम' यात फरकच न राहणं. जोडाक्षर सुटं लिहिणं किंवा त्यातलं अर्धं अक्षर गिळणं. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका मात्र यात धरू नका. त्या तर शिक्षकांच्याही होतात. एखाद-दुसरी चूक म्हणजे काही नाही. तिसरीच्या शेवटीही त्याच चुका, एकच शब्द दर वेळी वेगळा, आणि तोंडी उत्तर मात्र चोख, असं त्रिकूट दिसलं की वही बाजूला ठेवून पालकांना बोलवावं.

थोर माणसांच्या यादीबद्दलही सावध असावं. आइनस्टाइन, दा विंची, एडिसन यांची नावं सर घेतात. आइनस्टाइनला डिस्लेक्सिया होता याला भक्कम पुरावा नाही. गेलेल्या माणसाचं निदान असं मागाहून होत नसतं. सॉलोमन बेटांवरचे लोक झाडाभोवती उभे राहून शिव्या देतात आणि झाड वाळून पडतं, ही गोष्टही दृष्टान्त म्हणून ऐकावी. ती व्याख्यानांतून शास्त्र म्हणून फिरते, तेव्हा अवघडल्यासारखं होतं.

पण ही झाडाची गोष्ट ज्या प्रसंगात येते, तो सिनेमाचा कळस आहे. वडील बोर्डिंगला येऊन सांगतात की बायकोनं इंटरनेटवर सगळं वाचलंय, आम्हालाही काळजी आहे. सर आवाज न चढवता काळजी म्हणजे काय ते सांगतात. वडील बाहेर पडतात आणि त्यांना नोटीस बोर्डापाशी अडखळत, एकेक शब्द लावत वाचणारा ईशान दिसतो. ना टाळ्या, ना परीक्षक. कुणी सांगितलेलं नसताना मूल स्वतःहून वाचायला उभं राहिलंय. आत्मविश्वास परत आला तो इथे. वडिलांची भूमिका करणारे विपिन शर्मा या एका प्रसंगात आधीच्या सगळ्या आरडाओरड्याची भरपाई करतात.

ईशान झालेल्या दर्शील सफारीचं काम आजही थक्क करतं, विशेषतः जिथे त्याला संवाद नाहीत तिथे. टिस्का चोप्राची आई थकलेली आहे, कठोर नाही, आणि ही रेषा तिनं कुठेही ओलांडलेली नाही. ईशानचा बोर्डिंगमधला मित्र राजन झालेला तनय छेडा गोड. बाकीचे शिक्षक मात्र पुठ्ठ्याचे. सगळे एकजात खेकसणारे, त्यामुळे सिनेमा पाहणारा शिक्षक 'मी असा नाही' म्हणत सहज सुटतो. साठ मुलांच्या वर्गात भला शिक्षकही ईशानला कसा हुकवतो, हे दाखवलं असतं तर जास्त बोचलं असतं. शंकर-एहसान-लॉय यांचं संगीत आणि प्रसून जोशी यांचे शब्द यांबद्दल नवीन सांगण्यासारखं नाही. आईवरच्या गाण्यासाठी जोशी आणि शंकर महादेवन दोघांनाही राष्ट्रीय पुरस्कार मिळाले.

आणि ती स्पर्धा. चित्रं देखणी आहेत, ती प्रत्यक्षात जलरंगचित्रकार समीर मंडल यांची. परीक्षक म्हणून खुद्द ललिता लाजमी दिसतात. ईशान पहाटे उठून तळ्याकाठी जातो आणि उशिरा येतो, सरांची घालमेल होते, सगळं छान रचलंय. पण पहिला नंबर मिळवल्यावर मुलाचा स्वीकार होणं म्हणजे योहानच्याच शर्यतीत ईशानला वेगळ्या मैदानावर पळवणं झालं. ज्या मुलाला वाचता येत नाही आणि चित्रही बेताचंच येतं, त्यानं काय करायचं? डिस्लेक्सिया असलेल्या प्रत्येक मुलात दडलेला कलावंत असतोच असं नाही. हा सिनेमा पाहून पोराला घाईघाईनं चित्रकलेच्या क्लासला घालणारे आईबाप तिथेही 'नंबर कितवा आला?' हेच विचारतात.

२००७ नंतर बदललंय बरंच. मुलांना मारणं आणि मानसिक छळ, दोन्हींना शिक्षणहक्क कायद्याच्या कलम १७ नं मनाई आहे. हा कायदा २०१० पासून लागू आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश झाला. प्रमाणपत्र असेल तर बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळतात. ते नेमून दिलेल्या सरकारी रुग्णालयातून घ्यावं लागतं. मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात यासाठी वेगळं केंद्रच आहे. दहावीच्या वर्षी धावपळ करण्यापेक्षा चौथी-पाचवीत तपासणी झालेली बरी, कारण सवलतीनं गुण वाढतील, वाचन वाढायला मात्र मधली वर्षंच लागतात.

दाखवायचाच तर असा दाखवा. शिक्षकांसाठी दोन दिवसांत, मध्यंतरापर्यंत एक भाग. तीन ठिकाणी थांबवा: गणिताचा पेपर, कवितेचा अर्थ, कोरा कागद. प्रत्येक वेळी एकच प्रश्न: इथे तुम्ही काय शेरा लिहिला असता? दुसऱ्या दिवशी नोटीस बोर्डाशी पुन्हा थांबवा. वर्गातल्या खऱ्या वह्या, नावं झाकून, सोबत असू द्या. मुलांना दाखवताना गच्चीच्या कठड्याचा प्रसंग मोठ्यांनी आधी पाहून ठेवावा. त्यात ईशान जीव देण्याच्या टोकाला पोचतो आणि राजन त्याला मागे खेचतो. आईपासून तुटण्याचा भागही लहानांना फार लागतो, सात-आठ वर्षांखालच्यांना तर नकोच. आणि घरी मूल शेजारी बसलं असताना 'बघ, अगदी तुझ्यासारखाच' हे वाक्य उच्चारू नका. त्याला ते पहिल्या दहा मिनिटांतच कळलेलं असतं.